‘लेस’मधील कळसंकेत आणि त्यांची पुनर्रचना

मार्क न्यूडलमन यांनी रचलेला ‘लेस’ हा युनिक्स-वर्गीय संगणकांवर मजकूर पडद्यापडद्याने वाचण्याचा कार्यक्रम होय. यात अनेक कृती रोमन अक्षरांकडे सोपविलेल्या असतात. ‘जे’ दाबताच मजकूर एक ओळ पुढे सरकतो, ‘क्यू’ने वाचन संपते. मराठी लेखकाचा कळफलक इनस्क्रिप्ट रचनेवर असला, तर ‘क्यू’च्या जागी ‘ौ’ हे चिन्ह उमटते. ‘लेस’ला ते ओळखता येत नाही, आणि रचना बदलेपर्यंत वाचक तेथेच अडकतो. अडचण क्षुल्लक खरी, परंतु दिवसातून वीस वेळा येणारी.

यावरील उपाय ‘लेसकी’ नामक साध्या मजकूर-धारिकेत आहे. ओळीच्या आरंभी कळसंकेत, मग मोकळी जागा, नंतर कृतीचे नाव, एवढेच तिचे व्याकरण. ‘ौ’पुढे रोमन लिपीत ‘क्विट’ लिहिले की काम भागते. युटीएफ-८ संकेतनात हे चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘लेस’ अनेक बाइटांची मालिकाही एक आज्ञा म्हणून स्वीकारीत असल्याने त्यात बाध येत नाही. ५८२ पूर्वीच्या आवृत्त्यांत ही धारिका ‘लेसकी’ याच नावाच्या स्वतंत्र कार्यक्रमाकरवी द्विमान रूपात आणावी लागे; आता ती थेट वाचली जाते.

वाचकाने नेमलेला अर्थ मूळ अर्थावर मात करतो. बाकीचे संकेत अबाधित राहतात. मात्र आज्ञाविभागाच्या शेवटी ‘स्टॉप’ ही सूचना घातल्यास सर्व मूळ संकेत रद्द होतात. तत्पूर्वी ‘क्विट’ नेमून ठेवले नसेल, तर बाहेर पडण्याची कळच उरत नाही.