विहिरीवरील पंप व अँपिअरमापकाचा पल्ला

विहिरीवर विजेचा पंप बसविणारा शेतकरी मोटारीची अश्वशक्ती, नळाचा व्यास आणि पाण्याची खोली यांचा काळजीपूर्वक विचार करतो. स्टार्टरच्या फळीवरील अँपिअरमापक मात्र दुकानात जो मिळेल तोच बहुधा बसविला जातो. मोटारीवर पडणारा भार वेळीच दाखविणारे हे साधन आहे. त्याचा पल्ला चुकीचा असेल, तर ऐन पाण्याच्या पाळीत मोटारीची गुंडाळी जळेपर्यंत कोणतीच सूचना मिळत नाही.

अँपिअरमापक मोटारीकडे जाणाऱ्या तारेत, प्रवाहाच्या वाटेतच जोडावयाचा असतो. दोन फेजांमध्ये तो कदापि जोडू नये. तसे केल्यास तो तत्क्षणी जळेल व जवळच्या माणसास इजा होईल. तबकडीवरील शून्यापासून अखेरच्या आकड्यापर्यंतचे अंतर म्हणजे त्याचा पल्ला होय.

मापकाच्या अचूकतेचा दर्जा पूर्ण पल्ल्याच्या टक्केवारीत सांगितलेला असतो. दर्जा १·५ असेल, तर काटा कोठेही असला तरी पूर्ण पल्ल्याच्या दीड टक्क्याइतका फरक संभवतो. विहिरीच्या काठावरील ५ अश्वशक्तीची, ४१५ व्होल्टची तीन फेजची मोटार पूर्ण भाराखाली सुमारे ७·५ अँपिअर प्रवाह घेते. तिला ०–१५ अँपिअरचा मापक जोडल्यास फरक पाव अँपिअरहूनही कमी, म्हणजे शेकडा ३ इतका राहील. ०–१०० अँपिअरचा मापक जोडल्यास तोच फरक दीड अँपिअर, म्हणजे शेकडा २० होईल. प्रवाह साडेसातवरून नऊवर गेला, तरी तो वाढला की नाही हे निश्चित सांगता येणार नाही. त्यातच नेहमीच्या लोहचल मापकात आरंभीच्या खुणा एकमेकींस चिकटलेल्या असतात, त्यामुळे तेथील वाचन अधिकच अवघड होते.

यास्तव नेहमीच्या भाराचा काटा तबकडीच्या मध्यापासून पाऊणपर्यंतच्या भागात राहील, असा पल्ला निवडावा. सरळ चालू होणारी मोटार आरंभी काही क्षण सुमारे सहापट प्रवाह घेते. हा धक्का सोसण्यासाठी मोटारीकरिता खास मापक मिळतात. त्यांच्या तबकडीच्या अखेरीस जादा प्रवाहाच्या खुणा दाट केलेल्या असतात. असा मापक घेणे इष्ट होय.

उपसा सिंचनाच्या मोठ्या मोटारींवर प्रवाह-रोहित्र वापरावे लागते. ५० अश्वशक्तीची मोटार सुमारे ७० अँपिअर घेते. तिच्यासाठी १००/५ प्रमाणाचे रोहित्र बसविले, तर मापकाची तबकडीही १०० अँपिअरचीच हवी. तेथे ५० अँपिअरची तबकडी बसविल्यास ७० ऐवजी ३५ दिसतील आणि मोटारीवर निम्माच भार आहे, असा घातक समज होईल. मोटार चालू असताना अशा मापकाच्या तारा सोडू नयेत; उघड्या टोकांशी प्राणघातक दाब निर्माण होतो. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे.

योग्य पल्ल्याचा काटा पुष्कळ काही सांगतो. व्होल्टेज उतरले की तोच भार ओढण्यासाठी मोटार अधिक प्रवाह घेते व काटा चढतो. एक फेज गेल्यास उरलेल्या दोन फेजांतील प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो. अशा वेळी मोटार ताबडतोब बंद करावी. मापक एकाच फेजवर असेल व नेमकी तीच फेज गेली, तर काटा शून्यावर येईल. म्हणून तिन्ही फेजांचे वाचन देणारा निवडक स्विच बसविणे हिताचे. काटा एकाएकी खाली येऊन डळमळू लागला, तर पंप हवा ओढत आहे किंवा विहिरीचे पाणी तळाशी गेले आहे, असे समजावे.

मोटारीच्या नामपट्टीवरील पूर्ण भाराचा आकडा तबकडीच्या काचेवर तांबड्या रेघेने दाखवावा आणि पंप सुरळीत चालू असतानाचे वाचन खोलीच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावे. काटा रेघेपलीकडे स्थिरावल्यास पंप थांबवून कारण शोधावे. अँपिअरमापक दोष दाखवितो. मोटार आपोआप बंद करण्याचे काम ओव्हरलोड रिलेचे आहे. तेव्हा दोन्ही सुस्थितीत असतील, तरच पिकाची पाळी चुकणार नाही.