चोरवाट आणि तिची दुरुस्ती

ज्या यंत्रावर आपला पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि शेताचा सातबारा अवलंबून आहे, त्या यंत्राची माहिती कष्टकऱ्याने करून घेऊ नये, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. तरीही संगणकाचा विषय निघाला की आपण तो साहेबलोकांचा म्हणून सोडून देतो. बिघाड झाला म्हणजे मात्र पहिली झळ आपल्यालाच लागते. म्हणून या यंत्रातील एका विशिष्ट दोषाचा आणि त्याच्या दुरुस्तीचा विचार आम्ही येथे कारखान्याच्या भाषेत मांडणार आहोत.

साखर कारखान्यात वजनकाट्यावरचा कारकून उसाचे वजन नोंदवितो. पण उसाचा दर ठरविणे त्याच्या हाती नसते. हिशेबनीस बिल तयार करतो. चेकवर सही दुसऱ्याची असते. संगणकातही अशीच कामाची वाटणी असते, आणि ती सांभाळणारा जो मूळ कार्यक्रम त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कोणती फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, नवा कार्यक्रम कोणी बसवावा, हे ती ठरविते. सर्वाधिकार ज्याच्याकडे त्याला लिनक्समध्ये 'रूट' आणि विंडोजमध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणतात. आता एखाद्या साध्या कारकुनाने, सभा नाही, ठराव नाही, मतदान नाही, अशा स्थितीत मागच्या दाराने जाऊन चेअरमनच्या खुर्चीत बसावे आणि सर्वांनी त्याचे हुकूम मानावेत, असे झाले तर? संगणकात असे घडू देणारा जो दोष, त्यालाच अधिकारवाढीचा दोष म्हणतात.

यावर कोणी विचारील, की चोर मुळात आत आलेला असेल तरच हा दोष कामाचा. मग दारच पक्के का करू नये? दार पक्के करावेच. पण एखाद्या कारकुनाने फसव्या पत्रातील दुवा दाबला की चोराचे एक पाऊल आत पडते. तेवढ्यावर त्याला फार काही करता येत नाही, कारण त्याला कारकुनाइतकेच अधिकार मिळतात. तेथून सगळे दप्तर ताब्यात घेण्यासाठी त्याला जिना लागतो, आणि हा दोष म्हणजे तो जिना होय.

एक खरे उदाहरण घेऊ. लिनक्सच्या बहुतेक प्रमुख आवृत्त्यांत 'पीकेएक्झेक' नावाचा एक लहान कार्यक्रम असतो. तो कोणीही सुरू केला तरी स्वतः रूटच्या अधिकाराने चालतो, आणि मागणाऱ्याला परवानगी आहे की नाही हे पाहून त्याचे काम करून देतो. म्हणजे हा किल्ल्या सांभाळणारा नोकर. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांना त्यात एक फट सापडली. या कंपनीचे मोठे कार्यालय आपल्या पुण्यात आहे. २५ जानेवारी २०२२ रोजी ही फट जाहीर झाली. ती मे २००९ पासून, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, तेथेच होती.

फट कशी होती ते पाहा. कार्यक्रम सुरू करताना त्याला एका कागदावर दोन याद्या मिळतात. वर कामाची यादी, आणि लगेच तिच्याखाली परिस्थितीची यादी. कामाच्या यादीत पहिल्या ओळीवर त्या कार्यक्रमाचे स्वतःचे नाव असावे, असा रिवाज. म्हणून आपला नोकर ती ओळ सोडून दुसऱ्या ओळीपासून वाचू लागे. पण रिवाज म्हणजे नियम नव्हे. हल्लेखोराने कामाची यादी कोरीच दिली, तर पहिल्याच ओळीवर 'समाप्त' असे येते. नोकर सवयीने दुसरी ओळ वाचतो, आणि ती असते खालच्या यादीची! इतकेच नव्हे, तर वाचलेल्या नावाचा पूर्ण पत्ता शोधून तो त्याच ओळीवर परत लिहितो. खालच्या यादीतील धोकादायक मजकूर गेटवरच्या वॉचमनने आधीच खोडलेला असतो; पण नाव हुशारीने बेतून दिले, तर खोडलेला मजकूर गेटच्या आत, नोकराच्याच हाताने, पुन्हा लिहिला जातो. पुढे तो मजकूर प्रमाण मानून नोकर हल्लेखोराचा कार्यक्रम रूटच्या अधिकाराने चालवितो. झाला कारकुनाचा चेअरमन!

याची दुरुस्ती किती मोठी असावी? कामाची यादी कोरी असेल तर तेथेच थांबावे, हा तिचा गाभा. इंग्रजीत तिला पॅच म्हणतात, आपण ठिगळ म्हणू. ते मिळेपर्यंत तात्पुरता उपाय असा, की या नोकराकडची रूटची किल्लीच काढून घ्यावी. त्याचे काम अडेल, पण घर वाचेल. पुढे त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यातच अशी व्यवस्था झाली, की कोरी यादी कोणत्याही कार्यक्रमाला मिळूच नये. एक ठिगळ एका नोकरासाठी होते; दुसऱ्याने रिवाजाचा नियम केला. कामगार चळवळीत ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांना या दोहोंतील फरक वेगळा सांगावयास नको. मालकाच्या मर्जीने मिळालेली सवलत आणि कायद्याने मिळालेला हक्क यांत हेच अंतर असते.

ठिगळ तयार होणे आणि ते यंत्राला लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका मोठ्या दोषाची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक कार्यक्रम युक्रेनमधून जगभर पसरला, तेव्हा ती दुरुस्ती न केलेली यंत्रे साडेतीन महिन्यांनंतरही पुष्कळ होती. आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम त्या दिवशी ठप्प झाले. मर्स्कने आपले नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर सांगितले. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ठिगळ लावलेली यंत्रेही त्या फेऱ्यात पडली. एका यंत्राच्या स्मृतीत मोठ्या अधिकाऱ्याचा परवलीचा शब्द सापडला, की तोच वापरून हा कार्यक्रम शेजारच्या यंत्रात शिरे. तेव्हा ठिगळ हवेच. शिवाय कोणाच्याही हाती कामापुरताच अधिकार ठेवला पाहिजे. सोय म्हणून कचेरीतील प्रत्येकाला ॲडमिनिस्ट्रेटर करून ठेवणे, म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीला टांगणे होय.

मग ठिगळ आले की डोळे मिटून लावावे काय? तसेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्याच कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आणि आपल्याकडील विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. जुन्या यंत्रावरचा माणूस 'चालते आहे, हात लावू नका' असे म्हणतो, ते केवळ आळसाने नव्हे. त्याच्या म्हणण्यात अनुभव असतो. पण त्या अनुभवाचा निष्कर्ष दुरुस्ती टाळणे हा नव्हे, रीतीने करणे हा आहे.

ही रीत आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. गळीत हंगाम संपला की कारखाना मिल उघडतो, झिजलेले भाग बदलतो, चाचणी घेतो आणि मगच पुढच्या हंगामाचा बॉयलर पेटवितो. बॉयलरच्या बाबतीत तर १९२३ पासून कायदाच आहे, आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही प्रमाणपत्रावाचून बॉयलर चालविता येत नाही. संगणकाला मात्र ऑफ सीझन नाही. म्हणून त्याची विश्रांती आपण ठरवून द्यावी लागते. प्रथम आपल्याकडे कोणती यंत्रे आणि कोणत्या आवृत्त्या आहेत, याची यादी करावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे पुष्कळ संस्थांच्या गावीही नाही! मग दप्तराची प्रत वेगळी काढून ती परत उघडते का ते पाहावे. ठिगळ आधी एका बिनमहत्त्वाच्या यंत्रावर लावावे, आणि ठीक दिसले की बाकीच्यांवर. गाभ्याची दुरुस्ती असेल तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे; एरवी नवे ठिगळ तबकडीवर पडून राहते आणि जुनाच गाभा राज्य करीत असतो. शेवटी दुरुस्ती खरोखर लागली की नाही हे तपासून वहीत तारीख टाकावी.

हे सगळे करणार कोण? येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही, माणसाचा होतो. पुष्कळ ठिकाणी हे काम कंत्राटावरच्या एका तरुणाकडे असते. दिवसा यंत्र थांबवू देत नाहीत, म्हणून तो रात्री बसतो. त्या रात्रीचा ओव्हरटाइम कोठे लिहिला जात नाही. ठिगळ लावले नाही आणि चोरी झाली, तर दोष त्याचा. लावले आणि यंत्र अडले, तरीही त्याचाच. जबाबदारी एकाची आणि यंत्र थांबविण्याचा अधिकार दुसऱ्याचा, ही व्यवस्था जशी बॉयलरवर चालत नाही तशी येथेही चालणार नाही. दुरुस्तीसाठी यंत्र थांबविणे म्हणजे काम बुडविणे नव्हे, तेही कामच आहे, हे व्यवस्थापनाने लेखी मान्य केले पाहिजे, आणि त्याची मजुरी दिली पाहिजे.

२०२२ पासून गावोगावच्या प्राथमिक सोसायट्यांचे दप्तर संगणकावर नेण्याची केंद्र सरकारची योजना चालू आहे. सभासदांनी वार्षिक सभेत ताळेबंद वाचून टाळ्या वाजवून उठू नये. तीन प्रश्न विचारावेत: आपल्या संगणकाला शेवटचे ठिगळ कोणत्या तारखेला लागले? सर्वाधिकाराची किल्ली किती जणांकडे आहे? आणि ही कामे करणाऱ्याला त्यासाठी किती तास व किती पगार दिला जातो? उत्तरे समाधानकारक नसली, तर प्रोसिडिंगमध्ये नोंद करून घ्यावी आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारावे.