जिम लावण्याआधी शरीराचा हिशेब बघा

आमच्या ऑफिसातली एक मुलगी बाळंतपणाची रजा संपवून कामावर आली. पहिल्याच दिवशी तिच्या टेबलाभोवती चौघी जमल्या. बाळ कसे आहे, हे एकीनेच विचारले. बाकीच्या म्हणाल्या, "अगं, किती सुटलीस!" आठ दिवसांत तिने घराजवळची जिम लावली आणि तीन महिन्यांची फी एकदम भरली. ट्रेनरने पहिल्याच आठवड्यात दोरीवरच्या उड्या, धावणे आणि पोटाचे क्रंचेस सुरू केले. पंधरा दिवसांत तिने जिम सोडली. विचारले तर म्हणे, वेळ मिळत नाही. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडताच, ती हळूच म्हणाली, "ताई, उडी मारली की लघवी होते. सगळ्यांसमोर सलवार ओली झाली."

आम्ही गप्प झालो, कारण आम्हालाही हे नवीन नव्हते. दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंकताना, पाण्याची बादली उचलताना, बस पकडायला धावताना आम्ही हेच सोसले होते. दोन वर्षे घरात कोणाला सांगितले नाही. सभेत माईकसमोर उभे राहायला आम्ही कधी कचरलो नाही. पण डॉक्टरसमोर हे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. म्हणून भगिनींनो, आज हे उघडपणे लिहीत आहोत.

शरीरात काय झालेले असते?

त्या मुलीला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपी विभागात गेलो. तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितले. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते. नऊ महिने बाळाचा भार ती पेलते आणि बाळंतपणात आणखी ताणली जाते. सिझेरियन झाले तरी नऊ महिन्यांचा भार काही चुकत नाही. तसेच पोटावरचे दोन उभे स्नायू बाजूला सरकतात आणि मध्ये फट पडते. अशा पोटावर एकदम क्रंचेस मारले की मधला भाग वर फुगून येतो. पोट आत जायचे सोडून त्यावर ताणच पडतो. खालची झोळी सैल असताना उडी मारली, तर लघवी निसटणारच. यात त्या बाईचा काय गुन्हा?

फट घरीही बघता येते. उताणे झोपून गुडघे वाकवावेत, डोके थोडे उचलावे आणि बेंबीच्या वर-खाली बोटे आडवी ठेवून चाचपावे. आठ आठवड्यांनंतरही ठळक फट लागली, तर डॉक्टरांना दाखवावे.

क्रम महत्त्वाचा

आम्ही हिशेबाचे काम करतो. हातात शिल्लक किती, हे न बघता खर्च काढला तर खाते बुडते. शरीराचेही तसेच आहे.

पहिले सहा आठवडे झेपेल तेवढे चालणे पुरे. सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. सिझेरियन असेल तर जड वजन कधीपासून उचलायचे, हे त्यांनाच विचारावे. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात तीन महिन्यांच्या आत धावू नये असे सांगितले आहे. तीन महिने उलटले म्हणजे झाले, असेही नाही. आमची मुलगी तर सहा महिन्यांनी जिमला गेली होती. पण तिची झोळी भरून आलीच नव्हती.

ती भरून काढण्याचा व्यायाम फुकट आहे. अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगल यांनी तो १९४८ साली मांडला, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरल्यासारखे स्नायू आत-वर ओढायचे, जमेल तितके सेकंद धरायचे, सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास मात्र रोखायचा नाही. निदान तीन महिने नेमाने करावे. बाळाला पाजताना करा, लोकलमध्ये उभ्याने करा, कोणाला कळतही नाही.

त्यानंतर जिम जरूर लावा. सुरुवात ट्रेडमिलवर भराभर चालण्याने आणि हलक्या वजनांनी करावी. वजन उचलताना श्वास सोडावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली बाळंतिणींसाठी आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. लघवी निसटली, खाली काही उतरल्यासारखे जड वाटले, रक्तस्राव पुन्हा सुरू झाला किंवा टाक्यांत दुखू लागले, तर थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे. ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगावे, "मी बाळंतीण आहे." तो ऐकत नसेल तर जिम बदलावी.

उपाशी राहू नका

वजन उतरवण्यासाठी जेवण तोडू नका. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. डिंकाचे लाडू, अळीव यांना आमचा विरोध नाही. पण लाडू एक पुरे, डबाभर नको. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, मासळी पोटभर खावी. दर आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले. चढायला नऊ महिने लागले, मग उतरायला घाई कशाला? २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. तेव्हा आधी हिमोग्लोबिन तपासा. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात.

घरच्यांनी काय करावे?

बाळंतिणीला विसावा मिळावा, म्हणून पूर्वीच्या पिढ्या भांडल्या आहेत. मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांपर्यंत गेली. पण घरकाम करणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या आमच्या बहिणींच्या वाट्याला ती आजही येत नाही. निदान घराने तरी रोज एक तास तिच्या नावावर जमा करावा. त्या वेळात बाळ बाबांनी घ्यावे, आजीने घ्यावे. आणि "किती सुटलीस" म्हणण्याआधी "तुला काही त्रास होतो का गं?" एवढे विचारावे.

त्या मुलीने चार महिने नेमाने व्यायाम केला. आता ती पुन्हा जिमला जाते. वजन चार किलो उतरले आहे. पण तो आकडा तिने आम्हाला नंतर सांगितला. आधी टेबलाशी येऊन कानात म्हणाली, "ताई, आज बस पकडायला धावले. काही झालं नाही."