दगडाआडचे सातारकर

सप्टेंबरात कासला फुलं बघायला झुंबड उडते. त्याच परिसरात राहणारी 'निमास्पिस गिरी' ही पाल बघायला कुणी जात नाही, आणि गेलं तरी ती सहजी दिसायची नाही. 2014 मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली. नाव सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांच्यावरून.

ट्यूबलाइटपाशी किडे टिपणारी आपली घरपाल निशाचर. ही दिनचर, म्हणून डोळ्याची बाहुली गोल. बोटांखाली चिकटणाऱ्या रुंद गाद्या नाहीत. सगळी भिस्त नखांवर. दिवसाउजेडी वावरायचं तर पक्ष्यांची नजर चुकवणं आलंच. मसाल्यातलं दगडफूल आठवा: करडं, काळपट, तुटक-तुटक. ते चढलेल्या खडकावर हिचे ठिपके मिसळून जातात, शरीराची कड मोडते आणि सलग पाल अशी दिसतच नाही. अट एकच, हलायचं नाही.

या वंशातल्या बऱ्याच जाती मोजक्या डोंगरांपुरत्याच आढळतात. सावलीतला दमट खडक सोडून उघडं माळरान ओलांडणं या पालींना अवघड. म्हणून कोयनेची 'निमास्पिस कोयनाएन्सिस' वेगळी निघाली, तीही 2019 मध्ये. कोयना आणि शिराळ्याकडचं चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाच्या नावानं राखलेल्या जंगलात पालींचीही सोय होते.

सड्यांचं, म्हणजे खडकाळ पठारांचं, तसं नाही. चाळकेवाडीच्या सड्यावर सुट्या दगडांखाली 'हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस' राहते. वंश घरपालीचाच, पण ही जमिनीवरची; 2008 मध्ये वरद गिरी आणि ॲरन बाउर यांनी तिचं वर्णन केलं. याच सड्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं, की चक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी आणि सरडे जास्त. तिथले सरडे माणसाला जवळही येऊ देतात. सरडे वाढले म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, ही विस्कटलेल्या घडीची खूण आहे. अभ्यास सरड्यांचा होता, पण शिकारी पक्षी पालींनाही सोडत नाहीत.

आपल्या लेखी सडा म्हणजे पडीक जमीन. रस्ता, खाण, बंगला, काहीही चालतं. वणवा लावणाऱ्यालाही तिथे काही जळतंय असं वाटत नाही. माझ्या मते वाघासाठी जंगल राखलं तसे निदान काही सडे पालींसाठी राखायला हवेत. तोवर एवढं तरी करा: सड्यावर गेलात तर दगड उलथू नका, फोटोसाठी त्यांचे मनोरे रचू नका.