'नाही'ची चाळणी

समजा पनवेल तालुक्यातील गव्हाण गावच्या एका मुलाला विज्ञान प्रदर्शनासाठी लुकलुकणारा दिवा करायचा आहे. त्यासाठी त्याला ५५५ क्रमांकाची टायमर आयसी हवी. हॅन्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली आराखडा केलेली ही आठ पायांची आयसी आजही स्वस्त मिळते. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड अशा सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे एखादा दुकानदार पटला नाही, तर गिऱ्हाईक सरळ शेजारच्या दुकानात शिरते.

आता हाच शोध घरबसल्या ऑनलाइन लिलावात घेता येतो. पण येथे अडचण निराळी आहे. जो दुकानदार नको, तोच पानोपानी पुन्हा समोर उभा राहतो!

असे का बरे होते? साधा शब्दशोध फक्त शब्द जुळवतो. याचा फायदा घेऊन काही विक्रेते एकच वस्तू पन्नासदा मांडतात. कोणी शीर्षकात संबंध नसलेले क्रमांक कोंबतो. कोणी पाच रुपयांचा भाग दाखवून टपालखर्च शंभर रुपये लावतो. त्यांच्या गर्दीत चांगला विक्रेता झाकला जातो आणि मुलाचे खाऊचे पैसे वाया जातात.

यावर उपाय एका छोट्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'नाही'. ईबेसारख्या लिलावात नको असलेल्या शब्दाआधी जागा न सोडता वजाचे चिन्ह दिले, की तो शब्द असलेल्या वस्तू गळतात. प्रगत शोधात नको असलेल्या विक्रेत्यांची नावेही वगळता येतात.

आता एक गंमत पाहा. शोधात १०० वस्तू आल्या. त्यांपैकी ४५ 'क' या विक्रेत्याच्या, ३५ 'ख' या विक्रेत्याच्या आणि २० इतरांच्या आहेत. आपल्याला क आणि ख दोघेही नकोत. मग चाळणीचा नियम कोणता लिहाल?

'विक्रेता क नसावा किंवा ख नसावा' असा लिहिलात, तर किती वस्तू उरतील? शंभरच्या शंभर! कारण क-ची वस्तू ख-ची नसते, म्हणून ती पास होते. ख-ची वस्तू क-ची नसते, म्हणून तीही पास होते. 'विक्रेता क नसावा आणि ख नसावा' असा नियम लिहिला, तरच २० वस्तू उरतात. बोलताना आपण 'किंवा' आणि 'आणि' यांची सहज अदलाबदल करतो. यंत्राला ती चालत नाही.

'(क किंवा ख) नाही' म्हणजेच 'क नाही आणि ख नाही', हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्याचा जन्म १८०६ साली आपल्या देशात, मदुराई येथे झाला होता.

मात्र चाळणी फार बारीक केली, तर कोंड्याबरोबर कणीही जाते. 'किट' हा शब्द वगळला, की 'हे किट नव्हे' असे प्रामाणिकपणे लिहिणारा विक्रेताही गळतो. म्हणून एकेक शब्द वगळावा आणि काय गळले ते पाहावे.

शिवाय वगळलेला विक्रेता नवे नाव घेऊन परत येऊ शकतो. तेथे विज्ञानाची चाळणी लावावी. १८६५० या लिथियम सेलचेच पाहा. नावातच त्याचे माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. एवढ्या जागेत मावणाऱ्या रसायनांना मर्यादा असते. चांगल्या सेलची धारणक्षमता साधारण २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास भरते. कोणी ९,९०० लिहिले, तर विक्रेत्याचे नाव न पाहताच ती वस्तू वगळावी. नाव बदलता येते. पण निसर्गनियम बदलता येत नाही.

करून पाहा: ७४०२ क्रमांकाच्या आयसीमध्ये चार 'नॉर' द्वारे असतात. प्रत्येक द्वाराला दोन प्रवेश आणि एक निर्गम असतो. दोन्ही प्रवेश शून्य असतील, तरच निर्गम एक होतो. शिक्षकांच्या मदतीने पाच व्होल्टवर हे मंडल जोडा. एका प्रवेशाला 'विक्रेता क' आणि दुसऱ्याला 'विक्रेता ख' अशी चिठ्ठी लावा. दोघांपैकी कोणीही नसेल, तेव्हाच दिवा लागेल.

म्हणजे ज्या चाळणीने आपण सुटे भाग शोधतो, तीच चाळणी त्यांतल्या एका भागाच्या पोटात बसलेली आहे!