पंपानंतरची गुळणी

आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, गेली बावीस वर्षे जोहरनंतर मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन शिकवतात. चिपळूणच्या आमच्या घराच्या पडवीत चटई अंथरतात, रेहाल मांडतात आणि दीड-दोन तास घर तिलावतीने भरून जाते. ऐन आणि हमजा यांतला फरक फळ्यावर लिहून कळत नाही, तो उस्तानीच्या गळ्यातून कानावर पडावा लागतो. म्हणून मागच्या पावसाळ्यात अम्मींचा आवाज बसला, तेव्हा ते नुसते घशाचे दुखणे राहिले नाही. मुली एकमेकींकडे बघू लागल्या, एकदोघींच्या आयांनी दुसरीकडे चौकशी सुरू केली, आणि अम्मी संध्याकाळी गप्प बसू लागल्या.

अम्मींना तरुणपणापासून दमा. 22 जुलै 2021 च्या महापुरात आमच्या खालच्या खोल्यांत गाळ शिरला. त्यानंतर दर पावसाळ्यात भिंतींना ओल आणि काळी बुरशी धरते, आणि अम्मींची छाती वाजू लागते. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. एक निळा, धाप लागली की घ्यायचा. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ, त्रास असो वा नसो. या दुसऱ्यात स्टिरॉइड असते. (रंगावर मात्र कुणी विसंबू नये. कंपनी बदलली की रंगही बदलतो, औषधाचे नाव वाचून घ्यावे.)

आवाज बसला, जिभेवर आणि टाळूला पांढरे डाग आले, तिखट कालवण झोंबू लागले. अम्मींनी मनाशी निदान केले की हे सगळे त्या रोजच्या पंपामुळे. त्यांनी आम्हा दोघी जावांना काही न सांगता तो पंप कपाटात साड्यांमागे ठेवून दिला. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अम्मींचे निदान बरोबर होते, चुकला तो उपाय.

दोन-तीन आठवड्यांत आवाज थोडा मोकळा झाला. आम्हीही खूश. निळा पंप मात्र दिवसातून एकदाचा चारदा झाला, मग रात्रीही लागू लागला. चहाचा कप बशीत खडखडू लागला, हात थरथरत. आम्ही म्हटले, वय झाले. छातीत धडधड होई, रात्री पायात गोळे येत, तेही आम्ही वयावरच घातले. मग एका रात्री तीनच्या सुमारास अम्मी पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसलेल्या दिसल्या. वाक्य पुरे होत नव्हते, दोन शब्दांवर दम संपत होता. पावसात रिक्षा मिळेपर्यंतची वीस मिनिटे आम्हाला अजून आठवतात.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, मशीनची वाफ दिली, पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी अम्मींना सांगितले, "घरातले सगळे पंप घेऊन या आणि मला घेऊन दाखवा." अम्मींनी दाखवले. तोंडात धरला, दाबला आणि मग श्वास घेतला. पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांत एका क्षणाचे अंतर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध छातीत गेलेच नाही, अम्मी. सगळे घशाला लागले."

पुढचे सगळे या एका वाक्यात आहे. नुसता पंप तोंडात धरून घेतला, तर चांगल्या हातानेही शंभरातला दहा-वीस भागच फुप्फुसात पोहोचतो. बाकीचा जीभ, टाळू आणि घशावर बसतो. तिथे स्टिरॉइडचा थर रोज राहिला की त्या जागेची प्रतिकारशक्ती कमी होते आणि बऱ्याच जणांच्या तोंडात थोडीफार असणारी कँडिडा नावाची बुरशी फोफावते. तेच ते पांढरे डाग. अम्मींच्या बाबतीत आणखी एक अडचण निघाली, ती म्हणजे कवळी. रात्री काढून न ठेवलेल्या कवळीखाली ही बुरशी आरामात घर करते. तोंडात लावायचे बुरशीचे औषध दिले, कवळी रात्री काढून स्वच्छ करायला सांगितली, आणि दहा दिवसांत डाग गेले.

औषध छातीत नीट जावे म्हणून स्पेसर आला. हा प्लॅस्टिकचा फुगीर डबा. एका टोकाला पंप बसवायचा, दुसरे टोक तोंडात धरायचे. पंप आधी चांगला हलवायचा, श्वास सोडून छाती रिकामी करायची, एकदाच दाबायचे, सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. दोन फवारे एकदम मारण्याची घाई करू नये. जड थेंब डब्यातच राहतात, बारीक तेवढे छातीत जातात. केमिस्टकडे तो काही शे रुपयांत मिळतो. तोही परवडत नसेल किंवा मिळत नसेल, तर केप टाऊनच्या डॉक्टर हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली दाखवून दिले की अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली, बुडाला पंपाच्या मापाचे भोक पाडून नीट बसवली, तर झटका आलेल्या मुलांना तीही बाजारातल्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा आणि पुसू नये, हवेवर वाळू द्यावा. फडक्याने घासला की प्लॅस्टिकमध्ये वीज साठते आणि औषध भिंतीला चिकटते. आमच्या धाकटीने पहिल्याच आठवड्यात तो काचेसारखा चकचकीत पुसून ठेवला होता!

पुडीवाल्या पंपाची, ज्यात कॅप्सूल टाकतात त्या रोटाहेलरची, रीत उलटी. तिथे श्वास जोरात आणि झटकन ओढायचा आणि यंत्रात कधीही श्वास सोडायचा नाही, पूड ओली होते. त्याला स्पेसर लागत नाही. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही आहेत. आमच्या नात्यातल्या एका चाचांनी महिनाभर गिळली आणि औषधात दम नाही म्हणून तक्रार करत राहिले.

आता गुळणी. स्टिरॉइडचा पंप घेतला की लगेच पाण्याने खळखळून गुळणी करायची, घशापर्यंत पाणी नेऊन गुरगुरायचे आणि थुंकायचे, गिळायचे नाही. हे सांगून डॉक्टरीणबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "विसरतात हो सगळे." अम्मी म्हणाल्या, "मी कशी विसरेन? दिवसातून पाच वेळा वुजू करते." तेव्हापासून पंपाची जागा कपाटातून उठून मोरीजवळच्या फळीवर आली. फजरच्या वुजूआधी दोन फवारे, इशाच्या वुजूआधी दोन. तीन कुल्ल्या तशाही करायच्याच असतात, त्यांत एक घशापर्यंतची अधिक. आमच्या घरात एकही वेळ चुकलेली नाही, आणि याचे श्रेय आमच्या आठवणीला नाही, अजानला आहे.

तरी आवाज पुरता आला नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण गुळणी केली की सगळे ठीक होते असे सांगणारे फार. गुळणी आणि स्पेसर बुरशीवर चांगले चालतात. आवाजाचे तसे नाही. स्वरतंतूंवरून औषध जातेच, काहींच्या तिथल्या स्नायूवर त्याचा परिणाम होतो, आणि ज्यांचे काम बोलण्याचे आहे, शिक्षक, वकील, मुअज्जिन, त्यांना तो अधिक जाणवतो. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की माझा आवाज हीच माझी रोजी आहे. त्यांच्या हाती मार्ग असतात. दमा काबूत आला की मात्रा उतरवता येते, यंत्र बदलता येते, किंवा सिक्लेसोनाइडसारखे औषध देता येते, जे बहुतांशी फुप्फुसात पोहोचल्यावरच कामाला लागते. अम्मींची मात्रा तीन महिन्यांनी दिवसाला 800 मायक्रोग्रॅमवरून 400 वर आणली. ती डॉक्टरीणबाईंनी आणली, कपाटाने नव्हे. त्यानंतर आवाज सुधारला.

"स्टिरॉइड" या शब्दाची आमच्या लोकांना मोठी धास्ती. दवाखान्यात पाच दिवस अम्मींना रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिले, म्हणजे एकूण 200 मिलिग्रॅम. पंपातून त्या दिवसाला 800 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमहूनही कमी घेत होत्या. दोन औषधांची ताकद सारखी नसते, म्हणून हा हिशेब तंतोतंत नाही. पण रोजच्या थेंबाला भिऊन आपण एका झटक्यात बादली ओतून घेतली, एवढे आम्हाला कळले. निळ्या पंपाचेही तसेच. त्यातल्या साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम असतात आणि त्याच औषधाच्या चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीसपट. पंप नको, गोळी द्या, असे म्हणणाऱ्याच्या हाताची थरथर वाढेल, कमी होणार नाही.

ती थरथर आणि धडधड एकदोन फवाऱ्यांनंतर थोडा वेळ झाली तर घाबरण्याचे कारण नसते, ती आपोआप शमते. पण निळा पंप वारंवार लागतो आहे, हे दमा हाताबाहेर जात असल्याचे लक्षण आहे. दोनशे फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक डबे ज्याला वर्षाला लागतात, त्याला मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. म्हणूनच 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, असे म्हटले आहे. हृदयाचा आजार असेल किंवा धडधड थांबत नसेल, तर मात्र लगेच दाखवावे.

आमच्या थोरलीच्या आठ वर्षांच्या मुलालाही पंप आहे, आणि त्याच्या उंचीची काळजी आम्हाला रात्री झोपू देत नव्हती. अमेरिकेत पाच ते बारा वर्षांच्या हजारभर मुलांना त्यांची वाढ पुरी होईपर्यंत पाहिले गेले. रोज 400 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड काही वर्षे घेतलेली मुले मोठेपणी सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. हे 2012 साली प्रसिद्ध झाले. सव्वा सेंटिमीटर म्हणजे अर्धा इंच. रात्ररात्र खोकणाऱ्या, शाळा बुडणाऱ्या, धावू न शकणाऱ्या मुलाशी त्याची तुलना करून आम्ही पंप चालू ठेवला. दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करतो आणि मात्रा कमी करता येईल का, हे प्रत्येक भेटीत विचारतो. जास्त मात्रा वर्षानुवर्षे घेणाऱ्या मोठ्यांनी डोळ्यांतला मोतीबिंदू आणि हाडांची ठिसूळता तपासून घ्यावी. अशा रुग्णांनी पंप अचानक बंद करणेही धोक्याचे, कारण शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे मंदावलेले असू शकते.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. रोज्यात पंप घेतला तर रोजा राहतो की तुटतो, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्याकडचे बरेच जण तुटतो म्हणतात, अरब जगतातल्या शेख इब्ने बाज आणि शेख इब्ने उसैमीन यांनी तुटत नाही असे म्हटले आहे. फतवा देणे आमचे काम नाही, ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. रोजचा पंप दिवसातून दोनदाच असेल तर तो सहरीला आणि इफ्तारनंतर बसतो. सहरीचा पंप वेळ संपण्याच्या पाच-सात मिनिटे आधी घ्यावा, म्हणजे घशापर्यंतची गुळणी निश्चिंतपणे करता येते. दिवसा धाप लागली तर मात्र निळा पंप ताबडतोब घ्यायचा, मगरिबची वाट पाहायची नाही. आजाऱ्याला कजाची सवलत अल्लाहनेच दिली आहे. अम्मींनी यंदा दोन रोजे असे सोडले आणि ईदनंतर भरून काढले.

एक गोष्ट लिहावी की नको, असे आम्हाला वाटत होते. मोहल्ल्यातल्या एका मुलीचा निकाह ठरेपर्यंत तिच्या घरचे तिचा पंप लपवत होते. पाहुणे आले की ती मागच्या दाराशी जाऊन घेई, घाईत, स्पेसरशिवाय, गुळणीशिवाय. तिचा घसा बसला तेव्हा आई म्हणाली, पंपाचा दोष. अम्मींनी त्या आईला घरी बोलावून स्वतःचा स्पेसर दाखवला. पुढे काय झाले ते त्यांच्या घरचे, आम्ही विचारले नाही.

अम्मींची पडवी पुन्हा भरते. पूर्वी दीड-दोन तास सलग शिकवत, आता चाळीस मिनिटांनी थांबतात, कोमट पाणी पितात, आणि तेवढ्या वेळात मोठ्या मुलींपैकी एक धाकट्यांना सबक देते. नवा पंप उघडला की आम्ही त्यावर तारीख लिहितो. निळ्यावरची शेवटची तारीख पाच महिन्यांपूर्वीची आहे.