सायकल, आगबोट आणि आगगाडी



परदेशीं सायकलीवरून सहल करावयाची म्हटली कीं आपण नकाशा उघडतों आणि अंतरें मोजूं लागतों. पण अंतरानें सहसा अडत नाहीं. अडतें तें सांध्यावर. सायकल बोटींतून उतरवून आगगाडींत चढवावयाची असते तेथें. आयुष्यभर शाळेची घंटा संभाळणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हा धडा साठी उलटल्यावर मिळाला.

लंडनला नोकरी करणाऱ्या पुतण्याबरोबर मी हॉलंडांत गेलों होतों. आपल्या पासपोर्टावर इंग्लंडचा व्हिसा असला तरी तो तेथें चालत नाहीं; शेंगेन व्हिसा निराळा काढावा लागतो. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून निघून आगगाडीनें हारविचला जावें. स्थानक बंदराला लागूनच आहे. रात्रीं निघालेली बोट सकाळीं हुक ऑफ हॉलंडला लागते. सायकल मोटारींच्या मजल्यावर बांधून ठेवावयाची. रात्रीचें सामान तेव्हांच काढून घ्यावें, कारण बोट चालूं असतां तेथें जाऊं देत नाहींत.

हॉलंडांत डोंगर नाहींत. ती उणीव वारा भरून काढतो! तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून वारा पाठीशीं घेऊन हुकपासून समुद्रकांठानें उत्तरेस जावें आणि परततांना आगगाडी धरावी. हेग, काटवाइक, नोर्डवाइक करीत डेन हेल्डरपर्यंत सुमारें १५० किलोमीटर होतात. वेल्सनला कालवा ओलांडणारी नाव सायकलवाल्याकडून पैसे घेत नाहीं. डेन हेल्डरहून टेक्सेल बेट बोटीनें अवघ्या २० मिनिटांवर आहे.

वाट चुकण्याची भीति फारशी नाहीं. सायकलमार्गांच्या चवाठ्यांवर आंकडे लावलेले असतात; सकाळीं त्या दिवसाचे आंकडे चिठ्ठीवर लिहून हँडलला बांधले कीं झालें. ही युक्ति बेल्जमच्या लिंबुर्ख प्रांतांत १९९५ सालीं एका खाणीच्या इंजिनियरामुळें निघाली. जमिनीखालीं वाट दाखविणारी रीत त्यानें जमिनीवर आणली, याचें मला मोठें कौतुक वाटलें.

आतां तो धडा. डच आगगाडींत सायकलीचें तिकीट वेगळें असतें, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळीं ६-३० ते ९ व दुपारीं ४ ते ६-३० या वेळांत सायकल घेत नाहींत. जुलै-ऑगस्टांत ही मनाई नसते. आम्ही गेलों सप्टेंबरांत! शुक्रवारीं टेक्सेलवर अंमळ रेंगाळलों आणि डेन हेल्डरच्या स्थानकावर पोंचलों तेव्हां चार वाजून गेले होते. अडीच तास फलाटावर बसलों. रॉटरडॅमहून मेट्रोनें हुकला आलों तों रात्रीच्या बोटीवर चढण्याची मुदत टळलेली. खोलीचे पैसे गेले, पुतण्याची शनिवारची पाळी बुडाली. "असूं द्या, काका," एवढेंच तो म्हणाला. रेंगाळलों होतों तो मी.

म्हणून आंखणी उलटीकडून करावी. परतीची बोट आधीं ठरवावी, तिच्यामागें मेट्रो, तिच्यामागें आगगाडी, आणि मग त्या दिवशीं किती फिरावयाचें तें. जातांनाहि हाच हिशेब. बोट आठाच्या सुमारास लागते. म्हणजे कामाच्या दिवशीं नऊपर्यंत आगगाडी बंद, आणि मेट्रोहि गर्दीच्या वेळीं सायकल घेत नाहीं. तेव्हां बंदरावरून सरळ पायडल मारीत निघावें हें बरें.

घडीच्या सायकलीला मात्र हीं बंधनें नाहींत. मिटली कीं ती हातांतलें सामान गणली जाते, तिकीटहि लागत नाहीं. पुतण्यानें पुढल्या वर्षीं तीच घेतली.